पार्सल फाट्यापर्यंत, पुढे काय?

भिवंडी-पडघ्याच्या पट्ट्यातून जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची अवाढव्य गोदामं दिसतात. मुंबई-ठाण्यात ऑनलाइन मागवलेला बराचसा माल तिथूनच सुटतो. पण याच ठाणे जिल्ह्यातल्या डोळखांबच्या किंवा धसईच्या पलीकडच्या पाड्यावर तीच वस्तू मागवली, तर दादरपेक्षा जास्त दिवस लागतात. कधी ती शहापूर-मुरबाडपर्यंत येते आणि तिथूनच माघारी जाते. दोष सगळे रस्त्याला देतात. रस्ता अर्धंच कारण आहे. खरा घोळ वेळेचा आहे. पार्सल येतं तेव्हा माणूस घरी नसतो आणि माणूस येतो तेव्हा पार्सल परत गेलेलं असतं. यावरचा उपाय म्हणजे पिकअप पॉइंट: फाट्यावरचं किंवा स्टेशनबाहेरचं एखादं दुकान, जिथे पार्सल ठेवलं जातं आणि माणूस ते सवडीने नेतो.

डिलिव्हरीवाल्याच्या बाजूने हिशेब करून बघा. समजा सकाळी त्याच्या पिशवीत बारा पार्सलं आहेत, आठ पाड्यांवरची. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, म्हणजे बाइकला साधारण सव्वा ते दीड लिटर पेट्रोल आणि अख्खा दिवस. सकाळी अकराला तो पाड्यावर पोचतो तेव्हा जून-जुलैत सगळे भाताच्या आवणीला गेलेले असतात. एरवी कोणी मुरबाड एमआयडीसीत पहिल्या पाळीला, कोणी पहाटेच्या कसारा लोकलने ठाण्याला. दिवाळीनंतर कातकरी वस्त्यांतली कित्येक कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तोवर घराला कुलूप. बारापैकी चार पार्सलं अशी परत आली की उद्या त्याच चारांसाठी पुन्हा तेवढाच फेरा. त्याला पैसे मिळतात ते पोचलेल्या पार्सलचे. मग दोन-तीनदा असं झालं की तो पाड्यावर न जाताच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारतो. हे चूकच आहे, पण कशामुळे होतं तेही कळायला हवं. बहुतेक कंपन्या तीन प्रयत्नांनंतर माल परत पाठवतात. कुरिअरच्या भाषेत त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. गाडीच्या कागदपत्रांच्या आरटीओशी त्याचा संबंध नाही, डोकेदुखी मात्र दोन्हीकडे सारखीच.

हीच बारा पार्सलं फाट्यावरच्या एका दुकानात उतरवली तर काम दहा-पंधरा मिनिटांचं. पुढचे चार-सहा किलोमीटर माणूस तसाही रोज करतोच, कधी एसटीने, कधी टमटमने. पार्सल त्याच्या वाटेवर ठेवायचं, एवढाच पिकअप पॉइंटचा सगळा उपयोग. म्हणून जागा निवडताना मोठं गाव कोणतं हे बघू नये, लोक गाडी कुठे बदलतात ते बघावं. शहापूरहून आत जाणाऱ्यांसाठी शेणवे किंवा किन्हवली, मुरबाडच्या बाजूला सरळगाव आणि टोकावडे. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही, त्यामुळे तिथे सगळं एसटीच्या वेळापत्रकावर चालतं. शहापुरात मात्र वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं आहेत, आणि स्टेशनबाहेरच्या दुकानाचं गणित फाट्यावरच्या दुकानापेक्षा पार वेगळं.

स्टेशनवालं दुकान रात्री साडेनऊपर्यंत उघडं हवं. नोकरदार माणूस आसनगावला उतरतो तोच मुळी आठ-साडेआठनंतर. सहाला शटर ओढणाऱ्या पॉइंटचा त्याला काडीचा उपयोग नाही. फाट्यावर उलट आहे. तिथे सकाळी सात ते दहा आणि दुपारी तीन ते सात एवढं सांभाळलं तरी पुरतं, शेवटची एसटी गेली की रस्ता सामसूम. आठवडी बाजाराचा दिवस मात्र पूर्ण उघडा ठेवायचा. त्या दिवशी आठवडाभराची पडून राहिलेली पार्सलं निघतात, कारण पाड्यावरचं कोणी ना कोणी बाजाराला येतंच. आणि कुरिअरची गाडी बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी यावी, असं हबशी, म्हणजे कुरिअरच्या माल वाटणाऱ्या केंद्राशी, बोलून ठरवून घ्यावं. बाजाराच्या दिवशी दुपारी दोनला आलेला माल पुढच्या बाजारापर्यंत पडून राहतो.

दुकान कोणाचं असावं? किराणा चांगला, पण मीठ-मिरचीची गर्दी आणि पार्सलची गर्दी एकाच वेळी असते. झेरॉक्स-रिचार्जचं दुकान किंवा आपले सरकार सेवा केंद्र जास्त बरं. तिथे बसणाऱ्याला स्कॅनिंग, ओटीपी, ऑनलाइन नोंदी यांची सवय असते आणि फॉर्म भरायला लोक येतातच. पिठाची गिरणी टाळावी. पीठ लेबलवर बसतं आणि बारकोड वाचला जात नाही.

आता रॅक. रोज पंचवीस पार्सलं येत असतील आणि प्रत्येक सरासरी दोन दिवस राहत असेल, तर कोणत्याही क्षणी पन्नास दुकानात असतात. परतीची धरून सत्तर. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, सव्वा फूट खोल, पाच खणांच्या लोखंडी रॅकमध्ये एवढी बसतात, फक्त ती पुस्तकांसारखी उभी लावायची. आडवी रचली की खालचं काढताना वरची दहा पडतात. सगळ्यात खालचा खण जमिनीपासून फूटभर वर असावा. शहापूर-मुरबाडच्या पावसात फरशीला नुसता पाझर सुटतो आणि पुठ्ठ्याचा खोका दोन दिवसांत खालून लोळागोळा होतो. कपड्यांची पार्सलं प्लास्टिकच्या पिशवीत येतात, त्यांना काही होत नाही. 

रॅक आडनावाने लावायचा मोह होतो. लावू नये. इथे निम्मं गाव भोईर किंवा पाटील असतं आणि त्यातही तीन संतोष निघतात. सोपी पद्धत अशी: पार्सल आलं की लेबलच्या बाजूला जाड मार्करने अनुक्रमांक टाकायचा, तोच वहीत लिहायचा, आणि खण वारानुसार ठरवायचे. सोमवारचा माल पहिल्या खणात, मंगळवारचा दुसऱ्यात. शुक्रवारी पहिल्या खणाकडे नुसती नजर टाकली तरी कोणाचं पार्सल रखडलंय ते कळतं. सहावा दिवस आला म्हणजे पहिला खण रिकामा झालेला असायला हवा. नसेल तर त्या पार्सलांचा फोनाफोनीचा दिवस केव्हाच होऊन गेला.

वहीत सात रकाने पुरतात: अनुक्रमांक, तारीख, कंपनी, लेबलवरच्या ट्रॅकिंग क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे, नाव आणि पाडा, रोखीचं असेल तर रक्कम, आणि नेणाऱ्याची सही. कंपनीचं ॲप आहे म्हणून वही नको असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. एका पॉइंटवर तीन-चार कंपन्यांचा माल येतो, प्रत्येकीचं ॲप वेगळं, आणि ॲपमधून तीन महिन्यांपूर्वीची नोंद शोधून काढणं म्हणजे शिक्षा असते. भांडण होतं तेव्हा वही उघडली की मिटतं.

माल उतरवून घेतानाच्या पाच मिनिटांत पुढची निम्मी भांडणं ठरतात. ओला खोका, दुसऱ्या रंगाची टेप मारलेला खोका, हलवल्यावर काचेचा आवाज येणारा खोका यांचे चारही बाजूंनी फोटो काढायचे, आणि गाडीवाल्याच्या यादीवर त्याच्यासमोर ‘ओले’, ‘टेप फाटलेली’ असं लिहून मगच घ्यायचे. गाडी निघून गेल्यावर केलेली तक्रार दुकानदाराच्याच अंगावर येते. गाडीवाला घाईत असतो, ‘भाऊ, घ्या ना, काय होत नाय’ म्हणतो. होतं.

उंदीर हा वेगळा विषय. बियाणं, खाऊ, पशुखाद्याचे नमुने असलेली पाकिटं रात्री पत्र्याच्या पेटीत टाकावीत. डांबरगोळ्या ठेवू नयेत, खाण्याच्या वस्तूंना वास लागतो आणि ग्राहक पाकीट परत करतो.

ओटीपीची गंमत फक्त खेड्यातच कळते. पार्सल आईचं, ऑर्डर ठाण्यात राहणाऱ्या मुलाच्या मोबाइलवरून, ओटीपी त्याच्याकडे, आणि तो पाळीवर. फाट्यावर नेटवर्क असतं म्हणून पॉइंट तिथे बरा, पण ओटीपी ज्याच्याकडे येतो तो तेव्हा फोन उचलेल याची खात्री नसते. म्हणून ऑर्डर करतानाच मोबाइल क्रमांक पार्सल आणायला जाणाऱ्याचा द्यावा. ते जमत नसेल तर मुलाने ओटीपी आल्या आल्या आईला फोनवर सांगावा आणि तिने तो कागदावर लिहून न्यावा. दुकानदाराने पार्सल समोर ठेवल्याशिवाय ओटीपी मागू नये आणि ग्राहकाने द्यायचाही नाही. ओटीपी दिला की पार्सल मिळालं असं धरलं जातं. पत्ता अपूर्ण आहे, लिंक उघडून पाच-दहा रुपये भरा, असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. पॉइंटच्या भिंतीवर हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहिलेला असला तर फार बरं.

रोखीच्या पार्सलांचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात पडता कामा नयेत. वेगळा डबा, संध्याकाळी वहीतल्या रकमांची बेरीज आणि डब्यातले पैसे जुळवणं, आणि कंपनीचा भरणा दुसऱ्या दिवशीच. आठवडाभर साठवलं की त्यातून किराण्याचा माल भरला जातो आणि मग भरण्याच्या दिवशी तोंड लपवावं लागतं. ग्राहक यूपीआयने देत असेल तर कंपनीच्या क्यूआरवरच घ्यावं. दुकानाच्या स्वतःच्या क्यूआरवर घेतलेल्या पैशांचा हिशेब नंतर कोणालाच लागत नाही.

सगळ्यात जास्त वाद ज्यावरून होतात ती गोष्ट अगदी किरकोळ वाटते. डिलिव्हरीवाला माल दुकानात देतो आणि त्याच्या ॲपवर ‘पोचवलं’ असं नोंदवतो. ग्राहक चौथ्या दिवशी ते न्यायला येतो. पण वस्तू परत करायची मुदत, समजा सात दिवसांची, पहिल्याच दिवशी सुरू झालेली असते. घरी जाऊन बघतो तर चप्पल एका नंबरने लहान, आणि हातात उरतात तीन दिवस. ज्या कंपनीच्या ॲपमध्ये ‘पॉइंटवर जमा’ आणि ‘ग्राहकाला दिलं’ अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही. जिथे एकच नोंद आहे, तिथे दुकानदाराने पार्सल देताना तोंडाने सांगावं: परत करायचं असेल तर अमुक तारखेच्या आत. दुसरी मुदतही अशीच फसवते. ‘पाच दिवस ठेवू’ हे दिवस काही कंपन्या माल तालुक्याच्या हबवर स्कॅन झाल्यापासून मोजतात, तुमच्या रॅकवर आल्यापासून नाही. शनिवारी हबवर आलेलं पार्सल सोमवारी पॉइंटवर येतं, म्हणजे दोन दिवस आधीच गेले. म्हणून तिसऱ्या दिवशी फोन करायचा तो हबच्या तारखेपासून मोजून.

कळवायचं कसं? व्हॉट्सॲप ग्रुप काढू नये. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि दुसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू होतं. ब्रॉडकास्ट यादी चालते, पण ज्याच्या फोनमध्ये दुकानदाराचा नंबर साठवलेला नाही त्याला तो मेसेज जात नाही, हे लक्षात ठेवायचं. पहिल्या खेपेला आलेल्या माणसाकडून आपला नंबर त्याच्यासमोरच साठवून घ्यावा. व्हॉट्सॲप नसलेल्यांसाठी बाहेर फळा: पार्सलचा अनुक्रमांक आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे. नाव लिहायचं नाही. आजोबांना स्वतःचा नंबर पाठ नसतो, पण तो फोनच्या मागे चिकटपट्टीखाली लिहिलेला असतो, त्यामुळे अडत नाही.

नाव न लिहिण्याचं कारण सांगायला हवं. गावात कोणाकडे काय आलं ही बातमी पार्सलच्या आधी घरी पोचते. अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, गरोदर आहे की नाही ते बघायचं किट, त्वचेचं औषध, हे सगळं बायका-मुली ऑनलाइन मागवतात ते गावातल्या दुकानात मागायला संकोच वाटतो म्हणूनच. काही लेबलांवर वस्तूचं नाव छापलेलं असतं. म्हणून लेबल भिंतीकडे वळवून लावायचं आणि ‘ताई, तुमचं ते अमुक आलंय’ असं मोठ्याने कधीच म्हणायचं नाही. एवढं एक पथ्य मोडलं तर त्या पॉइंटवर बायका पुन्हा पाऊल ठेवत नाहीत, आणि खेड्यातल्या पॉइंटची निम्मी गिऱ्हाइकं त्याच असतात.

‘शेजाऱ्याचं मी नेतो’ हा मात्र गावाचा रिवाज आहे, तो बंद करता येत नाही आणि करूही नये. ज्याचं आहे त्याला स्पीकरवर फोन लावायचा, हो म्हणाला की वहीत ‘हस्ते’ लिहून नेणाऱ्याचं नाव आणि सही किंवा अंगठा. मोबाइल फोन, दागिने, पाच हजारांच्या वरची कोणतीही वस्तू मात्र हस्ते द्यायची नाही. आणि पासपोर्ट, एटीएम कार्ड, चेकबुक असलं काही पॉइंटच्या पत्त्यावर मागवूच नये. पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि तो ज्याचा त्यालाच दिला जातो.

पोस्टाचा विषय निघालाच आहे तर, खेड्यातला सगळ्यात जुना पिकअप पॉइंट म्हणजे शाखा डाकघरच. बऱ्याच ठिकाणी ते शाखा पोस्टमास्तरांनीच दिलेल्या जागेत, त्यांच्या ओटीवर किंवा पडवीत असतं. ग्रामीण डाक सेवकाच्या कामाचे तास दिवसाला चार ते पाच. म्हणून दुपारनंतर गेलं तर कुलूप दिसतं आणि लोक ‘पोस्ट बंदच असतं’ म्हणतात. वेळ एकदा विचारून घेतली की हा घोळ मिटतो. खासगी कुरिअर जिथे ‘या पिनकोडवर सेवा नाही’ म्हणतं, तिथेही पोस्ट पोचतं. स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंतचं पार्सल जातं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं, तेव्हा खिडकीवर ‘रजिस्टर करा’ म्हणणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

पत्ता लिहिण्याची आपली जुनी रीत या कामात ॲपपेक्षा हुशार आहे. ‘मु.’ म्हणजे माणूस राहतो तो पाडा किंवा गाव, ‘पो.’ म्हणजे त्याचं टपाल जिथून येतं ते डाकघर. दोन्ही वेगळी असतील तर वेगळीच लिहायची. ॲपमध्ये दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव आणि ‘द्वारा अमुक दुकान, अमुक फाटा’, दुसऱ्या ओळीत मु., पो., तालुका, जिल्हा. खुणेच्या रकान्यात पुन्हा दुकानाचं नाव. दुकानदाराला आधी विचारून, अर्थात. ‘माझं सध्याचं ठिकाण वापरा’ हे बटण ऑफिसात बसून दाबू नका, पार्सल ठाण्याला जातं.

इंग्रजी स्पेलिंगची फार काळजी घ्यावी लागते. खर्डीत एक ‘ए’ जास्त पडला की ती पुण्याची खराडी होते. शहापूर नावाची गावं कोल्हापूर-साताऱ्याकडेही आहेत आणि कर्नाटकातही. वर्गवारी पिनकोडवरून होते, म्हणून गावाचं नाव चुकलं तरी एकवेळ चालतं, पिनकोड चुकला तर पार्सल दुसऱ्या जिल्ह्याची यात्रा करून येतं. शहापूर ४२१६०१, मुरबाड ४२१४०१. आतल्या गावांचे काही वेगळे आहेत, ते आपल्या डाकघरातून खात्री करून घ्यावेत. २०२५ च्या मे महिन्यात डाक विभागाने डिजिपिन आणला आहे. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा एक संकेत. पाड्यावरच्या नंबर नसलेल्या घरासाठी ही चीज उत्तम आहे. पण डिलिव्हरीवाला ती वापरायला लागेपर्यंत ‘चिंचेच्या झाडामागचं घर’ लिहिणं सोडू नका.

पॉइंटवरून माल बाहेर पाठवताही येतो, आणि बचत गटांना हे जास्त कामाचं आहे. तिथे फसगत होते ती खोक्याच्या आकाराने. बहुतेक कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात, आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. ४० बाय ३० बाय २० चा खोका म्हणजे ४.८ किलो, आत पापड जेमतेम दोन किलो असले तरी. पापड-कुरडयांसाठी उंची १२ वर आणली की तोच खोका २.८८ किलोचा होतो. मात्र कुरडया दाबून भरू नका, चुरा पोचतो. वर-खाली वर्तमानपत्राचे बोळे, आतून प्लास्टिकची पिशवी, आणि टेप खालच्या सांध्यावर इंग्रजी एच अक्षरासारखी तीन पट्ट्यांत.

वस्तू परत करायला आलेल्या ग्राहकाचा खोका, वॉरंटी कार्ड, किमतीची चिठ्ठी हे सगळं आहे का ते दुकानदाराने त्याच्यासमोर बघावं. मोबाइल असेल तर खोक्यावरचा आणि फोनमधला आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, जुळवावा. फोनमध्ये तो *#०६# दाबल्यावर दिसतो. बऱ्याच कंपन्यांत पैसे परत मिळण्याची घडी गाडीवाल्याने स्कॅन केल्यापासून चालू होते, दुकानात ठेवल्यापासून नाही. तेव्हा ‘पार्सल ठेवून गेलो, पैसे कधी येणार’ असं विचारणाऱ्याला गाडी कोणत्या दिवशी येते ते सांगावं, आणि वहीत परतीच्या चिठ्ठीचा क्रमांक लिहून त्याचा फोटो त्याच्याच मोबाइलमध्ये काढून द्यावा.